पडद्यासमोरचे लाभार्थी

शहादा, जि. नंदुरबार

प्रति,
नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, अधीक्षक व अधीक्षिका, वसतिगृहांचे गृहपाल, गावोगावची युवक मंडळे आणि मुलांसाठी सिनेमाचे खेळ लावणाऱ्या सर्व संस्थांचे कार्यकर्ते यांस

विषय : मुलांना दाखवायचे चित्रपट निवडण्याबाबत



आधी आभार मानतो. सातपुड्यातल्या मुलाला मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायला मिळतो तो बहुतेक वेळा तुमच्यामुळेच. प्रोजेक्टर कुणाकडून तरी मागून आणायचा, पांढरी चादर ताणून बांधायची, स्पीकरची वायर पुरेल तिथवर मुलांना सरकवून बसवायचे, आणि ऐन रंगात लाइट गेली की पुन्हा सगळी जुळवाजुळव करायची, हे काम कुणाच्याही नोकरीच्या यादीत नसते. तरी तुम्ही ते करता. तेव्हा माझी तक्रार तुमच्या कष्टांबद्दल नाही. ती आहे त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. कुणीतरी विचारते, "आज कुठला पिक्चर लावायचा?" आणि कुणीतरी खिशातून पेनड्राइव्ह काढतो. एवढ्यात निवड होऊन जाते.

थोडक्यात म्हणणे असे, की मुलांसाठी सिनेमा निवडताना आपण त्यांना प्रेक्षक मानत नाही, लाभार्थी मानतो. गणवेश आला, वाटला. वह्या आल्या, वाटल्या. तसाच सिनेमा वाटला जातो. वाटप झाले, फोटो निघाला, अहवाल वर गेला. तो कुणाला कळला, कुणाला कंटाळवाणा झाला, कुणाची त्या रात्रीची झोप उडाली, याचा रकाना अहवालात नसतो. म्हणून हे पत्र. तक्रारी एकेक करून मांडतो आणि प्रत्येकीबरोबर एक विनंतीही करतो.

पहिली तक्रार : चित्रपट आधी कुणी पाहिलेला नसतो. नाव ऐकलेले असते, गाणी माहीत असतात, कुणीतरी "चांगला आहे, पुरस्कार मिळालाय" असे सांगितलेले असते. 'सैराट'ची गाणी लहान मुलांनाही पाठ आहेत, म्हणून तो त्यांना दाखवावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचा शेवट आठवा, आणि तो पाहून उठलेले आठ वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणा. 'जय भीम' या नावावर विश्वास टाकून तो लावावासा वाटेल. कॉलेजच्या मुलांना तो जरूर दाखवा, नंतर बोलायलाही बसा. पण त्यातली पोलीस कोठडीतली मारहाण पाचवीच्या वर्गाने बघायची नाही. 'छावा' प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरात हुंदके देणाऱ्या लहानग्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले, कौतुकाने पुढेही पाठवले. त्या चित्रपटाला 'यूए १६+' प्रमाणपत्र होते, याची चर्चा मात्र फार थोड्यांनी केली.

हे प्रमाणपत्र म्हणजे सुरुवातीला काही सेकंद दिसणारा कागद, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'यूए' या एका गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले. त्या वयाखालच्या मुलाने चित्रपट बघावा की नाही, हे पालकांनी ठरवायचे, असा त्याचा अर्थ. आता सांगा, आश्रमशाळेत पालक कोण? आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. पालक तुम्हीच. शहरातले मूल भयंकर दृश्य पाहून घरी येते आणि आईला बिलगून झोपते. वसतिगृहातले मूल त्याच हॉलमध्ये, गादी अंथरून, अंधारात एकटे झोपते. म्हणून विनंती अशी, की जो चित्रपट लावायचा तो तुमच्यापैकी एकाने आधी शेवटपर्यंत पाहिलेला असावा. ट्रेलर नव्हे, परीक्षण नव्हे, अख्खा चित्रपट.

दुसरी तक्रार संदेशाची. आपल्याकडे मुलांचा सिनेमा म्हणजे स्वच्छता, व्यसनमुक्ती, बालविवाह किंवा शिक्षणाचे महत्त्व. विषय एकही खोटा नाही. पण दिवसभर फळ्यासमोर बसलेल्या मुलाला संध्याकाळी पडद्यावर पुन्हा फळाच दाखवला, तर त्याला सिनेमा का म्हणायचे? शिवाय या जिल्ह्यात, जिथे २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, या संदेशांचा एक छुपा सूरही असतो : तुम्ही सुधारा. दारूबंदीच्या फिल्ममध्ये मोहाची दारू दिसली की सगळे हसतात. पण त्याच मुलाच्या घरी पूजेत मोहाची धार देवाला वाहिली जाते. व्यसन वाईट हे त्याला कळायला हवेच. आपले घर हास्यास्पद आहे, हेही त्याच झटक्यात कळायला नको.

चांगल्या चित्रपटांनाही ही गोष्ट लागू आहे. बालदिन आला की 'तारे जमीं पर' हमखास लागतो. २००७चा हा चित्रपट मलाही फार आवडतो. पण त्यातल्या ईशानला घरापासून तोडून बोर्डिंग शाळेत पाठवतात, तो रडून रडून गप्प होतो, चित्रे काढणे सोडतो. चित्रपटात ही शिक्षा आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत तो पहिलीपासूनचा नेहमीचा दिनक्रम आहे. मुंबईच्या मुलाला ते दृश्य ईशानची दया यावी म्हणून आहे. आश्रमशाळेतल्या मुलाला ते स्वतःचेच दिसते, आणि चित्रपट पुढे निघून गेला तरी ते मूल तिथेच अडकून राहते. म्हणून हा चित्रपट लावू नका असे मी म्हणत नाही. लावा, पण मुलांच्या मध्ये बसा, मागे खुर्चीवर मोबाइल बघत नको. आणि सुटीवरून मुले नुकतीच परतली आहेत अशा आठवड्यात तर तो टाळाच.

तिसरी तक्रार भाषेची. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे, आणि तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. गाडी कुठल्या फलाटावर येते हे सांगायला रेल्वेला चार भाषा लागतात. मुलांना दोन तासांची गोष्ट सांगायला आपल्याला एकच पुरते. भिली, पावरी, मावची, कोकणा, अहिराणी, गुजरी बोलणारी मुले एका चटईवर बसलेली असतात. पहिली-दुसरीतल्यांना प्रमाण मराठीच नवी असते, तिथे पुण्याच्या वाड्यातले संवाद त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे? मग मुले गडबड करतात, आणि आपण म्हणतो, यांना चांगल्या सिनेमाची आवडच नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही बिनखर्चाचे आहेत. एक, बोलणे कमी असलेले चित्रपट निवडा. चॅप्लिनचा 'द किड' १९२१चा आहे, तासाभराचा आहे, आणि फुटक्या काचा बदलण्याचा धंदा चालावा म्हणून दगड मारून काचा फोडणारे ते पोर मोलगीच्या बाजारातही कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. फ्रान्सचा 'द रेड बलून' ३४ मिनिटांचा आहे, त्यात बोलणे नावापुरते. इराणच्या अब्बास किआरोस्तामींचा १९७०चा पहिला लघुपट 'द ब्रेड अँड ॲली' जेमतेम दहा मिनिटांचा : पाव घेऊन घरी निघालेला मुलगा, गल्ली, आणि वाट अडवून बसलेले कुत्रे. पाड्यावरून शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाने ते कुत्रे पाहिलेले आहे. 'शॉन द शीप' या मेंढ्यांच्या धमाल चित्रपटातही संवाद नाहीत.

दुसरा उपाय त्याहून जुना आहे. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. तुमच्याकडे नववी-दहावीची अशी मुले-मुली आहेत, ज्यांना मराठीही येते आणि पावरीही. त्यांना चित्रपट आदल्या दिवशी दाखवा. दुसऱ्या दिवशी माइक त्यांच्या हातात द्या. दर दहा मिनिटांनी एक-दोन वाक्ये पुरतात. वाहरू सोनवणे यांनी भिलीत कविता लिहिली ती याच मुलखात राहून. तिथल्या मुलांना आपल्या भाषेत सिनेमाची गोष्ट सांगता येणार नाही, असे समजायचे कारण नाही.

चौथी तक्रार : आपली मुले पडद्यावर स्वतःला कशी बघतात? हिंदी सिनेमातला आदिवासी म्हणजे डोक्यात पिसे खोवलेला, आगीभोवती नाचणारा, हीरोला खांबाला बांधणारा. हे दृश्य आले की हॉलमध्ये हशा पिकतो. होळीला पायांत घुंगरू बांधून स्वतः नाचणारी मुलेही त्यात हसतात. मला ते हसू बघवत नाही. ते त्यांनी आपल्याकडूनच उचलले आहे. असे चित्रपट यादीतून काढा, एवढी साधी विनंती.

पण नुसते काढून भागत नाही. त्या जागी दुसरे काही ठेवावे लागते, आणि तिथे यादी तोकडी आहे हे मला मान्य आहे. 'जैत रे जैत' आहे, १९७७चा, जब्बार पटेलांचा. त्यातले लोक ठाकर आहेत, भिल्ल किंवा पावरा नाहीत, आणि गोष्ट मुळात गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतली, म्हणजे बाहेरच्याने जवळ जाऊन सांगितलेली. तरी ती आदराने सांगितलेली आहे. मोठ्या मुलांना तो दाखवा आणि विचारा, यातले आपल्यासारखे काय, वेगळे काय? श्याम बेनेगलांचा 'चरणदास चोर' १९७५चा, सरकारी बालचित्र समितीसाठी केलेला. त्यात हबीब तनवीरांच्या नाटकातले छत्तीसगढचे लोककलावंत आहेत, आणि राजकन्या आहे स्मिता पाटील, तिच्या पहिल्याच चित्रपटात. स्मिता पाटीलचे घराणे शहाद्याला लागून असलेल्या शिरपूरचे. आपल्या मुलींना हे कुणी सांगितले आहे का?

आणि अकरावी-बारावीच्या, कॉलेजच्या मुलांसाठी : सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५मध्ये त्यावर 'नर्मदा डायरी' हा माहितीपट केला. त्या गावांची नातवंडे आज तुमच्या वसतिगृहांत आहेत. आपल्या आजोबा-आजींनी काय पाहिले हे त्यांना कळण्याचा हक्क आहे. विषय वादाचा आहे म्हणून टाळू नका. वाद व्हायचाच असेल तर तो चित्रपट पाहिल्यावर होऊ द्या.

पाचवी तक्रार वेळेची, जागेची आणि भाषणांची. पहिली ते दहावी एकाच हॉलमध्ये, एकाच चित्रपटासमोर. सहाच्या खेळाला पाहुणे साडेसातला येतात, सत्कार होतात, प्रास्ताविक होते, आणि चित्रपट सुरू होईपर्यंत लहान मुले पेंगलेली असतात. मुलींच्या रांगा मागे, आणि मध्यंतरातच त्यांना खोलीवर जायला सांगितले जाते, 'उशीर झाला' म्हणून. चित्रपटाचा शेवट न बघितलेल्या मुली या जिल्ह्यात किती असतील, याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. विनंत्या : चौथीपर्यंतच्यांचा वेगळा खेळ, तोही तासाच्या आतला. मुली पुढे. पाहुण्यांचे बोलणे, असलेच तर, चित्रपटानंतर. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या आठवड्यात खेळ ठेवू नका. मुलांचे मन आधीच घरी पोहोचलेले असते.

आणि दिवे लागताच "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न कृपया बंद करा. त्याचे उत्तर मुलांना चित्रपट न बघताही येते : खरे बोलावे, खूप शिकावे, आईवडिलांचे ऐकावे. त्याऐवजी विचारा, कुठला प्रसंग परत बघावासा वाटतो? कोण आवडले नाही? शेवट बदलायचा तर कसा बदलाल? किंवा काहीच विचारू नका. मुले जेवताना आपसात जे बोलतात ते ऐका. पुढचा चित्रपट निवडायला तेवढे पुरते.

सहावी गोष्ट कायद्याची आहे, आणि इथे तुम्हाला दिलासाही आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अशी सवलत आहे, की शैक्षणिक संस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरता चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग ठरत नाही. म्हणजे शाळेच्या आवारात चोरट्यासारखे वागायची गरज नाही. गावच्या चौकात सगळ्यांसाठी खेळ लावायचा असेल तर मात्र हक्कधारकाची परवानगी लागते, आणि युवक मंडळांनी ती मागावी. बाजारातून भरून आणलेला पेनड्राइव्ह या सवलतीत बसत नाही, शिवाय त्यावरची प्रत अशी असते की थिएटरात उठून जाणाऱ्या माणसाची सावलीही चित्रपटात दिसते.

आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयांना इथे वेगळी विनंती आहे. बालचित्र समिती १९५५मध्ये स्थापन झाली. 'जलदीप' हा तिचा सुरुवातीचा चित्रपट १९५७मध्ये व्हेनिसला नावाजला गेला. २०२२मध्ये समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. करदात्यांच्या पैशातून बनलेला तो सगळा खजिना आता तिथे आहे. नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांनी मिळून महामंडळाकडे रीतसर मागणी केली, तर प्रत्येक आश्रमशाळेला चांगल्या प्रती मिळण्याचा मार्ग निघू शकतो. सरकारी पैशातून मुलांचा उत्तम सिनेमा होत नाही, असे कुणी म्हणाले तर त्यांना इराणकडे बोट दाखवा. किआरोस्तामींचा तो कुत्र्याचा लघुपट मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेतच तयार झाला.

नुसत्या तक्रारी करून थांबणे बरे नाही, म्हणून वर आलेल्यांखेरीज आणखी काही नावे देतो. माजिद माजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' : बहिणीचे बूट हरवतात, मग भाऊ-बहीण एकच जोड आळीपाळीने घालून शाळेला पळतात. बूट कसे टिकवायचे हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा चित्रपट जगातल्या कुठल्याही प्रेक्षकापेक्षा जास्त भिडेल. 'टिंग्या' : बैल विकायचा नाही म्हणून हट्ट धरलेला पोरगा. ज्या घरात कर्जापायी जनावर गेले त्या घरची मुले तुमच्या वर्गात आहेत. 'एलिझाबेथ एकादशी' : पंढरपूरच्या वारीत बांगड्या विकून सायकल वाचवू बघणारी मुले. सारंगखेड्याच्या यात्रेत दुकान मांडणाऱ्यांना ती ओळखीची वाटतील. तमिळ 'काका मुत्तई' : पिझ्झा खायचाच असे ठरवलेले दोन भाऊ, आणि त्यांना दारातून हाकलणारे दुकान. आठवीच्या पुढे 'फँड्री', नागराज मंजुळे यांचा. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड कुणाच्या दिशेने येतो, यावर मुलांना भांडू द्या.

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. निवडीत मुलांना घ्या. आठवी ते दहावीतली चार मुले, त्यांत निम्म्या मुली, एक शिक्षक, एक अधीक्षिका, अशी समिती करा. मुले सुरुवातीला दक्षिणेचे डब केलेले मारधाडपट सुचवतील. सुचवू द्या. महिन्यातून एक त्यांच्या पसंतीचा, एक तुमच्या, असा सौदा करा, आणि त्यांचा चित्रपट तुम्हीही शेवटपर्यंत बघा. काही महिन्यांत त्यांच्या यादीत बदल होतो की नाही ते पाहा. तुमच्याही यादीत होईल. पुढची पायरी म्हणून मोबाइलवर त्यांनाच काही चित्रित करायला सांगा. शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांना घेऊन, फुटकळ साधनांवर 'मालेगाव के शोले' केला. त्यांनी कुणाच्या अनुदानाची वाट पाहिली नव्हती. धडगावचा 'शोले' निघायला काय हरकत आहे?

आपण सगळे कामाच्या रगाड्यात आहोत, एवढे सगळे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून कमीत कमी एवढे करा. पुढच्या खेळाच्या दिवशी सकाळी शाळेच्या फळ्यावर पाच ओळी लिहा : चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, कोणत्या वयासाठी, आणि आधी कुणी पाहिला. पाचवी ओळ कोरी राहिली तर त्या संध्याकाळी खेळ रद्द करा आणि मुलांना मैदानावर कबड्डी खेळू द्या. न बघितलेल्या सिनेमापेक्षा ती केव्हाही बरी.



आपला,
एक शिक्षक आणि जुना प्रेक्षक
शहादा